रेखाचित्राला वास्तवाचा चेहरा देताना

२०२५ च्या मार्च महिन्यात एक नवा छंद आपल्या घराघरांत शिरला. स्वतःचे, मुलांचे किंवा लग्नसमारंभातले छायाचित्र संगणकाला द्यावे आणि जपानच्या घिबली स्टुडिओच्या धाटणीचे रंगीत चित्र करून घ्यावे. आता मुले उलट दिशेनेही निघाली आहेत. मोठ्या डोळ्यांचे, सपाट रंगांचे अ‍ॅनिमे शैलीतील चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला द्यायचे आणि त्यापासून जिवंत माणसाच्या छायाचित्रासारखे, चित्रपटातील एखाद्या दृश्यासारखे चित्र घडवायचे.

हा केवळ खेळ आहे असे समजून पालकांनी दुर्लक्ष करू नये आणि हे सारे वाईट आहे असे समजून मुलांना रागेही भरू नये, असे आम्हांस वाटते. नीट शिकवले तर या खेळातून प्रकाश, प्रमाण, रंग आणि रचना यांचे उत्तम शिक्षण होते. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगणे आवश्यक आहे. रेखाचित्र पुष्कळ गोष्टी सांगत नाही. वास्तव चित्र करताना त्या न सांगितलेल्या गोष्टी कोणाला तरी ठरवाव्या लागतात. आपण त्या ठरवल्या नाहीत तर यंत्र ठरवते. आणि यंत्राच्या सवयीत आपल्या लोकांचा चेहरा फार थोडा आहे. प्रस्तुत लेखाचा सारा विचार याच एका गोष्टीभोवती आहे.

अ‍ॅनिमे चित्र काय सांगते, काय गाळते

अ‍ॅनिमे म्हणजे जपानी चलचित्र. डोरेमॉन, शिनचॅन यांच्यामुळे ते आपल्या लहानग्यांच्याही ओळखीचे झाले आहे. या शैलीचा साधेपणा काही अंशी काटकसरीतून आलेला आहे. ओसामु तेझुका यांच्या चित्रकथेवरील ‘अ‍ॅस्ट्रो बॉय’ ही दूरचित्रवाणी मालिका १९६३ मध्ये जपानमध्ये सुरू झाली. दर आठवड्याला एक भाग देणे भाग असल्यामुळे चित्रांची संख्या कमी ठेवावी लागे. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी सरकतात. परंतु एकच चित्र दोन-तीन चौकटींपर्यंत तसेच ठेवून काम भागवले जाई. चेहऱ्याला सपाट रंग, सावलीसाठी एक गडद छटा, नाकाच्या जागी एखादी लहानशी रेषा आणि सर्व भावना डोळ्यांत, अशी ही भाषा घडत गेली. याच तेझुकांनी १९७२ ते १९८३ या काळात तथागत बुद्धांच्या जीवनावर ‘बुद्ध’ ही दीर्घ चित्रकथा काढली, हे आपल्या वाचकांस ठाऊक असावे.

चित्रकलेच्या वर्गात आपण शिकतो की, माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर असतात आणि चेहऱ्याची रुंदी सुमारे पाच डोळ्यांइतकी असते. अ‍ॅनिमेतील डोळे याच्या कितीतरी पट मोठे आणि मध्याच्या खाली असतात. त्वचेचा पोत नसतो, केस निळे-जांभळेही असू शकतात, प्रकाश कोठून येतो हे बहुधा स्पष्ट नसते. या उणिवा नव्हेत. ती त्या शैलीची भाषा आहे. पण तिचे छायाचित्राच्या भाषेत रूपांतर करायचे म्हटले की नाकाची उंची, त्वचेचा वर्ण, कापडाचा पोत, दिव्याची जागा या सर्वांची उत्तरे द्यावी लागतात.

यंत्र हे काम कसे करते

जुन्या दूरदर्शन संचाची अँटेना हलली की पडद्यावर मुंग्या येत, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. चित्र घडवणारी पुष्कळशी साधने अशा मुंग्यांपासूनच चित्र काढावयास शिकलेली असतात. प्रशिक्षणाच्या वेळी लाखो-कोटी चित्रे, सोबतच्या वर्णनांसह, यंत्रापुढे ठेवली जातात. प्रत्येक चित्रावर थोड्याथोड्या मुंग्या पसरवल्या जातात आणि त्या ओळखून कशा दूर करायच्या, याचा अंदाज बांधण्यास यंत्र शिकते. पुढे निव्वळ मुंग्यांनी भरलेला पडदा आणि एक वाक्य दिले, तरी ते टप्प्याटप्प्याने मुंग्या दूर करीत त्या वाक्याशी जुळणारे चित्र तयार करते. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले ‘स्टेबल डिफ्युजन’ याच रीतीने चालते.

रूपांतराच्या वेळी यंत्र कोऱ्या पडद्यापासून आरंभ करीत नाही. आपण दिलेल्या चित्रावरच ते काही प्रमाणात मुंग्या पसरते आणि मग त्या दूर करू लागते. हे प्रमाण शून्य ते एक या आकड्यात ठरवता येते. ०.३ च्या आसपास ठेवले तर मूळ चित्र जवळजवळ तसेच राहते. केवळ पोत बदलतो, मोठे डोळे मोठेच राहतात आणि चेहरा बाहुलीसारखा भासतो. ०.८ च्या आसपास नेले तर चेहरा खऱ्या माणसाचा होतो. परंतु हात, वस्तू, मागचे खांब आपली जागा सोडतात. साधारण ०.५ ते ०.६ पासून आरंभ करून एकेक पायरी वर-खाली करावी, हा मध्यम मार्ग येथेही उपयोगी पडतो.

रचना टिकवण्यासाठी आणखी एक सोय आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘कंट्रोलनेट’ या पद्धतीत मूळ चित्रातील कडा, शरीराची ठेवण किंवा वस्तूंचे जवळ-दूर अंतर यांचा एक आराखडा वेगळा काढला जातो आणि यंत्राला त्या आराखड्यात बांधून ठेवले जाते. येथे एक सावधगिरी हवी. कडांचा आराखडा फार घट्ट धरला तर अ‍ॅनिमेचे मोठे डोळेही तसेच धरले जातात. म्हणून चेहऱ्यासाठी शरीराच्या ठेवणीचा किंवा अंतराचा आराखडा बरा. इमारत, बाके, खिडक्या यांसाठी कडांचा बरा. मोबाइलवरील संवादी साधनांत हे आकडे दिसत नाहीत. तेथे काय बदलावे आणि काय तसेच ठेवावे, हे शब्दांतच स्पष्ट सांगावे लागते.

एक उदाहरण

समजा, एका विद्यार्थ्याने अ‍ॅनिमे शैलीत चित्र करून घेतले आहे. वसतिगृहाच्या व्हरांड्यात दिव्याखाली एक मुलगी अभ्यास करीत बसली आहे. डोळे मोठे, केस निळसर, गालावर गुलाबी ठिपके, त्वचा जवळजवळ कागदासारखी पांढरी.

पहिली पायरी म्हणजे चित्र वाचणे. एका कागदावर दोन रकाने करावेत. डावीकडे चित्र जे सांगते ते लिहावे : मुलगी, वही, दिवा, खांब, रात्र. उजवीकडे चित्र जे सांगत नाही ते लिहावे : वय, वर्ण, गणवेशाचे कापड, दिव्याचा रंग, ऋतू, चेहऱ्यावरील भाव. उजवा रकाना आपण भरला की अर्धे काम झाले.

दुसरी पायरी प्रकाशाची. चित्रपटासारखे दृश्य हवे म्हणजे नेमके काय हवे? मुले ‘सिनेमॅटिक’ हा एक शब्द लिहून मोकळी होतात. मग यंत्र निळसर-नारिंगी रंग, धुके आणि पाठीमागून येणारा झगझगीत उजेड असा ठरीव मसाला ओतते. खरे छायालेखक प्रकाशाचा उगम आधी ठरवतात. ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात बनारसच्या घराचे अंगण स्टुडिओत उभारले होते. तेथे आकाशातून झिरपणाऱ्या दिवसाच्या उजेडाचा भास व्हावा म्हणून सुब्रत मित्र यांनी पांढऱ्या कापडावर दिवे टाकून परतलेला मऊ प्रकाश वापरला. ‘कागज़ के फूल’ (१९५९) या भारतातील पहिल्या सिनेमास्कोप चित्रपटात व्ही. के. मूर्ती यांनी आरशांच्या साहाय्याने सूर्यकिरण वळवून स्टुडिओच्या अंधारात प्रकाशाचा प्रसिद्ध झोत उभा केला. दोघांनीही एकच प्रश्न आधी सोडवला : उजेड कोठून येतो? आपल्या चित्रात तो डोक्यावरील एका दिव्यातून येतो. मग एक गाल सावलीत जाणार आणि वहीच्या पांढऱ्या पानावरून परतलेला मंद उजेड हनुवटीखाली पडणार.

तिसरी पायरी चौकटीची. उभे चित्र व्यक्तीचे वाटते. आडवे, रुंद चित्र व्यक्तीबरोबर जागाही दाखवते. कॅमेरा वरून ठेवला तर मुलगी लहान आणि केविलवाणी दिसेल. डोळ्यांच्या उंचीवर ठेवला तर ती आपल्या बरोबरीची दिसेल. लेन्सचा आकडाही सांगावा. २४ मिलिमीटरने जवळून घेतल्यास नाक मोठे दिसते. ५० मिलिमीटरने चेहरा आपण पाहतो त्याच्या जवळ राहतो.

चौथी पायरी वर्णाची, आणि तिच्यावर स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे.

वर्णाचा प्रश्न

अ‍ॅनिमेतील पांढरा रंग हा पुष्कळदा कागदाचा रंग असतो. पण यंत्र त्याचा अर्थ गोरी त्वचा असा लावते. काही न सांगता रूपांतर केले तर आपली मुलगी युरोपीय किंवा पूर्व आशियाई चेहऱ्याची होऊन येण्याचा संभव मोठा. ‘भारतीय’ एवढाच शब्द घातला तरी प्रश्न सुटत नाही. मग जाहिरातीतील उजळ चेहरा येतो किंवा दागदागिने, टिकली असा ठरीव वेश येतो. ‘वसतिगृहातील गरीब मुलगी’ असे लिहिले तर फाटके कपडे आणि पाणावलेले डोळे येण्याचा धोका असतो. यंत्र हे द्वेषाने करीत नाही. त्याने जी चित्रे पाहिली त्यांत जे वारंवार होते तेच ते पुन्हा पुढे ठेवते.

हा पक्षपात नवा नाही. विसाव्या शतकात रंगीत छायाचित्रे छापताना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीकडून प्रयोगशाळांना एक नमुनापत्र मिळे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पत्रावर दीर्घकाळ गोऱ्या स्त्रीचेच छायाचित्र असे. तिची त्वचा बरोबर उतरली की रंग बरोबर, असा तो हिशेब होता. परिणामी काळ्या-सावळ्या चेहऱ्यांचे बारकावे छायाचित्रात बुडून जात. मापाची काठीच एका बाजूची असली की मोजणाऱ्याचा हेतू चांगला असूनही माप चुकते, हे यावरून ध्यानात यावे.

आपल्याजवळ याहून जुनी आणि न्याय्य मापाची काठी आहे. अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात इसवी सनाच्या पाचव्या शतकातील भित्तिचित्रे आहेत. तेथे गोऱ्या, गव्हाळ, सावळ्या आणि गडद काळ्या वर्णाच्या व्यक्ती एकाच सभेत, सारख्याच डौलाने रंगवलेल्या दिसतात. चित्रकारांनी अवयवांच्या कडेला गडद छटा आणि नाक, हनुवटी यांसारख्या उंचवट्यांवर उजळ छटा देऊन सपाट भिंतीवर गोलाई आणली. म्हणजे रेषेला वास्तवाकडे नेण्याची जी कला आपण येथे शिकत आहोत ती या भूमीत दीड हजार वर्षांपूर्वी उत्तम अवगत होती, आणि तिला माणूस उजळ करण्याची गरज भासली नव्हती. सहलीला अजिंठ्यास जाणाऱ्या विद्यार्थ्यांनी पद्मपाणीच्या चेहऱ्यावरील छायाप्रकाश मुद्दाम न्याहाळावा.

या सर्व विचारानंतर आपली सूचना साधारण अशी होईल :

“दिलेल्या चित्रातील रचना, मुलीची बसण्याची ठेवण आणि वस्तूंच्या जागा तशाच ठेवाव्यात. महाराष्ट्रातील बारा वर्षांची मुलगी; वर्ण सावळा, तो उजळ करू नये. केस काळे, तेल लावून दोन वेण्यांत बांधलेले. डोळे व नाक नैसर्गिक प्रमाणात. गणवेश निळा-पांढरा, स्वच्छ, धुऊन किंचित फिका झालेला. रात्रीची वेळ, डोक्यावर डावीकडे एकच पिवळसर दिवा, उजवा गाल सावलीत, वहीच्या पानावरून परतलेला मंद उजेड हनुवटीवर. मागील खांब धूसर. कॅमेरा मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, ५० मिलिमीटर लेन्स, आडवी रुंद चौकट. चेहऱ्यावर एकाग्रता, दैन्य नको.”

चित्र हाती आल्यावर तपासणी करावी. बोटे मोजावीत. दोन्ही डोळ्यांतील प्रकाशाचे ठिपके एकाच दिव्याकडे बोट दाखवतात का, ते पाहावे. सावल्या एकाच दिशेला पडतात का, हेही पाहावे. वहीवरील देवनागरी अक्षरे पुष्कळदा विचित्र आकृत्या होऊन येतात. ती धूसर करावीत. आणि शेवटी मूळ चित्र शेजारी ठेवून पाहावे : ही तीच मुलगी आहे का?

जेथे हात आवरावा

काल्पनिक मुलीचे चित्र आणि इतिहासातील व्यक्तीचे चित्र यांत मोठे अंतर आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जे घडले, किंवा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जो धम्मदीक्षेचा सोहळा झाला, त्यांची रेखाचित्रे मुलांनी अवश्य काढावीत. रेखाचित्र पाहणाऱ्याला कळते की हे कोणाच्या तरी हातचे आहे. परंतु त्याच चित्राचे छायाचित्रासारखे रूपांतर केले, वर जुन्या फिल्मचे कण आणि ओरखडे चढवले, की ते पुरावा असल्याचे सोंग घेते. बाबासाहेबांच्या शेजारी कोण उभे होते, स्त्रिया कोठे होत्या, अंगावर कोणते वस्त्र होते, हे सारे यंत्र अंदाजाने भरते. दहा वर्षांनी एखादे मूल तेच चित्र इतिहास म्हणून वहीत चिकटवील.

ज्या समाजाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी दीर्घकाळ वगळला, त्या समाजाला अस्सल कागद आणि अस्सल छायाचित्र यांचे मोल निराळे सांगावे लागत नाही. महाडनंतर लगेच, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ सुरू केले. घडलेले आपल्या शब्दांत नोंदवून ठेवण्याची ही दृष्टी होती. बाजारात खोटी नाणी फार झाली की लोक खऱ्या नाण्यावरही संशय घेतात. उद्या आपल्याच अस्सल छायाचित्राकडे बोट दाखवून “हेही यंत्रानेच केले असेल” असे कोणी म्हणाले, तर त्याला तसे म्हणण्याची सोय आपल्या हाताने करून दिलेली नसावी.

हीच गोष्ट शाळेच्या जुन्या समूहछायाचित्रांची. माजी विद्यार्थी अशी छायाचित्रे यंत्राकडून ‘स्वच्छ’ करून घेतात. धूसर चेहरा स्पष्ट होतो खरा. पण तो स्पष्टपणा यंत्राच्या अंदाजाचा असतो. मागच्या रांगेतील आपला सोबती नकळत दुसराच कोणी होऊन बसतो. जो सोबती आज हयात नाही, त्याच्या घरच्यांच्या दृष्टीने हा बदल लहान नाही. धूसर छायाचित्र धूसरच ठेवावे आणि खाली नावे लिहावीत. तेवढ्याने स्मरण पुरे होते.

तथागतांच्या प्रतिमेविषयीही विचार व्हावा. सांचीच्या प्राचीन शिल्पांत बुद्ध मानवी रूपात दिसत नाहीत. बोधिवृक्ष, धम्मचक्र, पदचिन्हे, रिकामे आसन यांनीच त्यांची उपस्थिती सुचवली आहे. आपल्या भाजे आणि कार्ले येथील चैत्यगृहांत वंदनेसाठी स्तूप आहे. पुढे मूर्ती घडल्या त्या शिल्पकारांच्या चिंतनातून घडल्या. त्यांपैकी कोणतीही ‘बुद्ध असेच दिसत होते’ असा दावा करीत नाही. छायाचित्राचा आभास मात्र नेमका तोच दावा करतो.

नाव लिहिण्याचे शील

मग हे चित्र करूच नये काय? करावे, पण जे आहे ते सांगून करावे. जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या प्रतिकृती म्हणूनच ओळखल्या गेल्या, म्हणून त्यांचा अभ्यासाला उपयोग झाला आणि मूळ चित्रांच्या मानाला बाधा आली नाही. आपणही चित्राच्या आतच, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे : ‘कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले काल्पनिक चित्र’, खाली करणाऱ्याचे नाव आणि दिनांक. काही साधने चित्रात अदृश्य खूण ठेवतात. परंतु फाइलसोबत जोडलेली माहिती व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवताना किंवा पडद्याचे छायाचित्र घेताना बहुधा गळून पडते. म्हणून डोळ्यांना दिसणारी ओळ हवी.

पंचशीलातील चौथे शील असत्य वचनापासून दूर राहण्याचे आहे. चित्रही बोलते, म्हणून ते चित्रालाही लागू आहे. त्याच भावनेने जिवंत व्यक्तीचे, विशेषतः दुसऱ्याच्या मुलामुलीचे छायाचित्र त्यांच्या व त्यांच्या पालकांच्या संमतीवाचून अशा साधनाला देऊ नये.

घरी करावयाचा अभ्यास

सुट्टीत घरी आलेल्या मुलांबरोबर पालकांनी पुढील तीन गोष्टी करून पाहाव्यात.

१. मुलाच्या आवडीचे एक अ‍ॅनिमे शैलीतील चित्र घ्यावे. ‘सांगते’ आणि ‘सांगत नाही’ असे दोन रकाने एकत्र बसून भरावेत. यासाठी संगणक लागत नाही.

२. रात्री घरात एकच दिवा लावून एकमेकांचा चेहरा पाहावा. उजेड कोठे पडतो, सावली कोठे जाते, आजीच्या आणि नातीच्या त्वचेवर तोच उजेड कसा वेगळा दिसतो, हे लिहून काढावे. मग ते शब्द सूचनेत वापरावेत.

३. एकच चित्र दोनदा रूपांतरित करावे : एकदा काहीही न सांगता, एकदा सविस्तर सूचना देऊन. दोन्ही चित्रे शेजारी ठेवावीत आणि मुलाला विचारावे, “यांतली आपल्या शाळेतली मुलगी कोणती?”

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मूल स्वतः देऊ शकले म्हणजे हा पाठ झाला असे समजावे. साधने दर वर्षी बदलतील, आकडे आणि नावेही बदलतील. आपल्या माणसाला त्याच्या रंगारूपासह ओळखणारी आणि खऱ्या-काल्पनिकाचा निवाडा करणारी नजर मात्र एकदा तयार झाली की ती त्या मुलाबरोबर शाळेच्या फाटकाबाहेर जाईल.